कारखान्याला पाय फुटतात, मजुरीला कात्री लागते

खडकी स्टेशनावर लोणावळा लोकल पकडली की दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी अशी स्टेशने येतात. आमच्या आधीच्या पिढीने याच लोकलने आणि सायकलीने कामावर जाऊन संसार उभे केले. आज त्याच घरांतली मुले पहाटे कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात. बस चाकणला जाते आणि मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचे नव्हे, तर ठेकेदाराचे नाव असते. बापाचे आणि मुलाचे ओळखपत्र शेजारी ठेवा, कारखान्यांच्या स्थलांतराचा सारा इतिहास त्यात वाचता येईल.

सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातील उत्पादन थांबवले. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगर येथे कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला होता. करांमुळे आकुर्डीत गाडी बनवणे परवडत नाही, असा कंपनीचा युक्तिवाद होता. तो अगदीच खोटा नव्हता. २००३ मध्ये केंद्रातील वाजपेयी सरकारने उत्तराखंडातील नव्या उद्योगांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केले, शिवाय पहिली पाच वर्षे आयकरही पूर्ण माफ केला. तेव्हा कारखाना केवळ स्वस्त मजुरासाठी गेला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल.

पण उरलेले अर्धे सत्य कोणी सांगत नाही. जुन्या कारखान्यातला कायम कामगार म्हणजे वीस-पंचवीस वर्षांच्या करारांची कमाई. प्रत्येक करारात युनियनने भांडून वाढवलेला पगार, रजा, कॅन्टीन, ग्रॅच्युइटी. कारखाना हलला की ही कमाई जागेवरच राहते. नव्या ठिकाणी विशीतला, संघटना नसलेला पोरगा उभा केला जातो आणि मजुरीची पाटी पुन्हा कोरी होते. जुन्या कामगाराच्या हाती स्वेच्छानिवृत्तीचा कागद येतो. त्यातली 'स्वेच्छा' कोणाची असते, हे आम्ही वकिलांनी वेगळे सांगायला नको!

दुसरा परिणाम याहून खोल आहे. कारखाना प्रत्यक्ष हलवायचीही गरज उरत नाही, हलवण्याची धमकी पुरते. जून २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात संप झाला, तेव्हा व्यवस्थापनाने उत्पादन वाळूज आणि पंतनगरला नेण्याची भाषा केली. पन्नास दिवसांनी संप मागे घ्यावा लागला. पुढे पगारवाढीचा करार झाला, कारण कायम कामगारांची संघटना होती. जो संघटनेत नाही, त्याच्यासाठी करार कोण करणार?

आता वाचक विचारतील, यात आपल्या समाजाचे वेगळे ते काय? कारखाना तर सर्वांचाच जातो!

वेगळे आहे. गावात आमच्या आजोबा-पणजोबांच्या कामाला मजुरी नव्हती, बलुते होते, आणि तेही मागून घ्यावे लागे. रोख पगार देणारा दरवाजा लष्कर, रेल्वे आणि कारखान्यांनी उघडला. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. तिथे आपल्या समाजाची माणसे पिढ्यान्पिढ्या घाम गाळत आली. तो दरवाजाही सगळीकडे सारखा उघडला नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. म्हणूनच बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्यांतला एकच लक्षात ठेवून चालणार नाही.

खडकीचा सरकारी कारखाना पंतनगरला पळून जाऊ शकत नाही, असे आपण समजत होतो. परंतु १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. खडकीचा दारूगोळा कारखाना आणि एच. ई. फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेल्या. त्याच वर्षी संरक्षण उत्पादनात संपबंदीचा कायदाही आणला गेला. मालकी आजही सरकारचीच आहे, म्हणून भरतीत आरक्षणही आहे. पण आरक्षण असते ते पदाला. जे काम ठेकेदाराला दिले, तिथे पद नाही, बिंदुनामावली नाही आणि अनुशेषही नाही. इमारत जागेवर, यंत्र जागेवर, फक्त माणूस हजेरीपटावरून ठेकेदाराच्या वहीत गेला की झाले स्थलांतर! आमच्या मते आजचे सर्वांत धोकादायक स्थलांतर हेच आहे, कारण ते कोणाला दिसत नाही.

कायद्यानेही हा रस्ता रुंद केला. २००१ च्या 'सेल' निकालाने, कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तरी कामगार आपोआप मूळ आस्थापनेत कायम होत नाही, असे ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने, कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभरऐवजी तीनशे कामगारांवर नेली. दुसरी संहिता मुख्य कामात कंत्राटी कामगार नको म्हणते आणि पुढच्याच ओळींत अपवादांची यादी देते. १९७१ च्या केंद्रीय नियमांत मात्र एक मोठी तरतूद होती. कंत्राटी कामगार कायम कामगारासारखेच काम करीत असेल, तर त्याला तितकेच वेतन द्यावे. किती जणांनी ती वापरली? बोपोडी-दापोडीची मुले आमच्याकडे येतात तेव्हा हातात पगाराची चिठ्ठीसुद्धा नसते. कोणत्या आधारावर लढायचे?

येथे आपल्या चळवळीलाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या कर्मचारी संघटना पदोन्नती आणि अनुशेषासाठी नेटाने लढल्या, त्याबद्दल आदर आहे. पण त्यांच्याच कारखान्यात झाडू मारणारा, पेट्या उचलणारा ठेकेदाराचा माणूस आपल्याच वस्तीतला असूनही त्यांचा सभासद नाही. कमी होत चाललेल्या राखीव पदांवर पहारा द्यायचा आणि वाढत चाललेल्या कंत्राटी कामाकडे पाठ फिरवायची, यात आपले भले नाही. उद्या पहारा द्यायला पदच उरणार नाही.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप घडवला. १९४२ मध्ये मजूरमंत्री झाल्यावर आठ तासांच्या कामाचा प्रश्न मार्गी लावला. संविधानाच्या कलम ३९ मध्ये समान कामाला समान वेतन हे तत्त्व आहे. हा वारसा फक्त जयंतीच्या भाषणापुरता नाही. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कंत्राटी कामगारांसाठी ठेवावा. नेमणुकीचा कागद, पगाराची चिठ्ठी, हजेरी आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक यांची तपासणी तिथे व्हावी, आणि कर्मचारी संघटनांनी त्यांना सभासद करून घ्यावे.

कारखान्याला पाय आहेत, तो जाईल. आपल्याला इथेच राहायचे आहे. म्हणून शिकलेल्यांनी आता संघटित व्हायचे ते ठेकेदाराच्या वहीत नाव असलेल्या आपल्या मुलांसोबत.

जय भीम!