न्यायाधीश मतपेटीतून निवडावा काय?

गेल्या पंधरवड्यात कळवणच्या बाजारात एक जुने खातेदार भेटले. बांधाच्या वादाचा त्यांचा दावा कित्येक वर्षे रेंगाळला आहे. उद्वेगाने म्हणाले, "साहेब, सरपंच आम्ही निवडतो, आमदार आम्ही निवडतो, मग न्यायाधीश का नाही? मत मागायला दारी आला, तर तारखांचा जाब तरी विचारता येईल!"

प्रश्न भाबडा नव्हे. अमेरिकेतील अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. परंतु तेथील वेस्ट व्हर्जिनिया राज्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. एका कोळसा कंपनीविरुद्ध ज्यूरीने 5 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. प्रकरण अपिलात जाणार हे दिसत असतानाच, 2004 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक आली. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सुमारे 30 लाख डॉलर वेचले. तो निवडून आला आणि पुढे अपिलाचा निकाल 3 विरुद्ध 2 मतांनी कंपनीच्या बाजूने लागला. त्या तिघांत तोही होता. त्याने या खटल्यातून दूर राहायला हवे होते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवले.

शाखेत असताना जवळच्या नातलगाचा कर्जाचा अर्ज आला, की मी तो वरिष्ठांकडे पाठवत असे. मनात खोट नव्हती. परंतु उपकाराच्या ओझ्याखाली केलेल्या सहीवर कोणाचा विश्वास बसणार?

आपल्याकडे तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राज्यघटनेच्या कलम 217 अन्वये राष्ट्रपती नेमतात. नावे ज्येष्ठ न्यायाधीशांचा न्यायवृंद सुचवतो. ही पद्धत बदलणारा नियुक्ती आयोगाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केला. बंद दाराआडच्या या निवडीची कारणे जनतेला कळावीत, ही अपेक्षा रास्तच आहे. विलंबावर मात्र उपाय रिक्त पदे वेळेवर भरण्याचा आहे, मतपेटीचा नव्हे.

हे सारे ऐकून खातेदार क्षणभर गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "साहेब, माझ्या दाव्यातला समोरचा माझ्यापेक्षा पैसेवाला आहे. राहू द्या ती निवडणूक. तारीख तेवढी लवकर मिळू द्या."

त्यांची ही मागणी मात्र कोणालाही नाकारता येणार नाही.