शब्दाचा गुन्हा काय?

"एका शब्दापायी म्हणे धर्म फुटला! काय ही माणसे!" असे कोणी बोलले की माझे डोके तापते. मी मॅट्रिक झालेला मास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. धर्मशास्त्रात मला गती नाही. पण उभा जन्म पावसला गेला. शिमग्यात पालखी आधी कोणाच्या दारी, यावरून भावकी फुटलेली पाहिली आहे. पालखी बिचारी काय करणार? खालच्या वाडीची माणसे पोचायच्या आत वरच्यांनी बैठक उरकली, तिथेच घात झाला.

इ. स. ४३१ मध्ये एफिससला तेच घडले. मरियेला 'देवमाता' म्हणावे की 'ख्रिस्तमाता', हा वाद. कॉन्स्टँटिनोपलचा मुख्य धर्माध्यक्ष नेस्टोरियस दुसऱ्या नावाच्या बाजूचा. अँटिऑककडचे धर्माध्यक्ष अजून वाटेतच होते. तोच अलेक्झांड्रियाच्या सिरिलने २२ जूनला सभा उघडली आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदच्युत केले. मागाहून पोचलेल्यांनी वेगळी सभा भरवून सिरिललाच पदच्युत ठरविले! बादशहा थिओडोसियसने आधी दोन्ही निकाल मान्य केले. वाचकहो, याला सत्यशोधन म्हणायचे? नेस्टोरियस पुढे इजिप्तमध्ये हद्दपारीत मेला.

"सातासमुद्रापलीकडची भांडणे, आपल्याला काय त्यांचे?" असे विचारणाऱ्यांनी शेजारच्या गोव्याकडे पाहावे. तिथला आर्चबिशप मेनेझिस १५९९ च्या जूनमध्ये केरळात उदयंपेरूरला सभा भरवायला गेला. तिथले जुने ख्रिस्ती आपले बिशप आजच्या इराककडून आणीत, प्रार्थना सुरियानी भाषेत करीत. त्या इराककडच्या चर्चवर नेस्टोरियसचा शिक्का बसलेला. म्हणून हेही पाखंडी! अकराशे अडुसष्ट वर्षांमागचा ठपका नारळीच्या बागेत राहणाऱ्या माणसांवर. काही सुरियानी पोथ्या दुरुस्त कराव्यात, काही जाळाव्यात, असे ठरले. ठरावांवर सह्या झाल्या म्हणे. सह्या कशा होतात, हे शाळामास्तराला कोणी शिकवू नये! १६५३ च्या जानेवारीत मट्टांचेरीला याच समाजाने जेझुइटांचे ऐकणार नाही अशी शपथ घेतली. तेव्हाची फूट आजही सांधलेली नाही.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी पोप जॉन पॉल दुसरे आणि पूर्वेकडील त्या चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. देवमाता म्हणा की ख्रिस्तमाता, दोन्ही रास्त, श्रद्धा एकच. म्हणजे १५६३ वर्षांनी शब्द निर्दोष सुटला.

पोथ्या मात्र जळाल्या त्या जळाल्याच. त्यांत खरोखर काय लिहिले होते, हे तपासायला आता कोणती सभा बोलवायची?