वजन उतरावे, बळ नव्हे

नेसरी हे नाव उच्चारले की मराठी मनासमोर सात घोडेस्वार उभे राहतात. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि त्या खिंडीत त्यांनी देह ठेवला. त्या बलिदानाचे गुणगान महाराष्ट्राने पुष्कळ केले. परंतु दिवसचे दिवस घोड्यावर मांड ठोकून, मिळेल त्या शिदोरीवर मुलूख तुडवणाऱ्या त्या शरीरांचा विचार फारसा कोणी करीत नाही. गडहिंग्लजहून चंदगडकडे जाताना लागणाऱ्या या गावी स्मारकाला वंदन करण्यासाठी येणारी मंडळी आता मोटारीतून उतरतात, आणि थोडा चढ चढताच धाप लागणारे त्यांत कमी नसतात. तरुणही असतात.

हा विषय चेष्टेवारी नेण्याचा राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अधिक वजनाचे अथवा स्थूल आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. पाच वर्षांत एवढी वाढ! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे दाखवून दिले. स्थूलपणा हा शहरातल्या सुखवस्तूंचा आजार आहे, खेड्यातल्या राबत्या माणसाला त्याची बाधा होत नाही, हा समज आता टिकणारा नाही.

या प्रश्नाचे मराठी मातीतले उत्तर पुण्याने शोधले आहे. के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे साडेतीन किलो. बालक किडकिडीत, स्नायू कमी. पण चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही भारतीय देहयष्टी. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिकांनी स्वतःचे आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी प्रसिद्ध केले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच. परंतु इंग्रज गृहस्थाच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१ टक्के. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाच्या दाराशी सुबत्ता आली की काय होते, याचा याहून बोलका पुरावा कोणता?

म्हणूनच भारतीयांसाठीची मर्यादा परदेशी कोष्टकांहून खाली ठेवावी लागते. पाच फूट पाच इंच, म्हणजे १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचे वजन ६३ किलोंच्या वर गेले की सावध व्हावे आणि ६८ किलोंच्या वर ते स्थूलतेत मोजावे, असा आपल्याकडील तज्ज्ञांचा संकेत आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीसाठी हेच आकडे साधारण ५५ आणि ६० किलो. वजनकाट्याहूनही खरी साक्ष देते ती शिंप्याची फीत. पोटाचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला तर आतील अवयवांभोवती चरबी साचू लागली आहे असे समजावे. ‘खात्या-पित्या घरचा’ म्हणून ज्या पोटाचे कौतुक होत असे, त्याच पोटाची ही गोष्ट आहे.

नेसरी-आजरा-चंदगड हा टापू मुळात नाचणीचा, भाताचा, हुलग्याचा. नाचणीची भाकरी आणि आंबील, हुलग्याचे माडगे, पोकळा-तांदळीची भाजी, शेवग्याचा पाला हे येथील घरांचे रोजचे अन्न होते, आणि ते पचवणारे कष्टही होते. ऊस आला, हातात रोकड आली, बैलाची जागा ट्रॅक्टरने आणि पायवाटेची जागा दुचाकीने घेतली. यात वाईट काहीच नाही. कष्टकऱ्याची पाठ मोकळी झाली हे भलेच झाले. मात्र शेताच्या बांधापर्यंत चालत जाणारा माणूस तेवढ्याही अंतरासाठी गाडीला किक मारू लागला आणि त्याच वेळी ताटातली नाचणी जाऊन पांढरा भात दुप्पट झाला. हुलगा मागे पडला, फरसाण पुढे आले. सकाळच्या चहाबरोबर खारी-टोस्ट, दुपारी वडापाव, संध्याकाळी पुन्हा चहा. राबणाऱ्या शरीराचा आहार बसणाऱ्या शरीराला मिळू लागला, तोही निकस होऊन.

तालमीतही हेच घडताना दिसते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची पंढरी बनवले आणि खासबागेचे मैदान उभारले. त्या परंपरेतला पैलवान लोणी, दूध, बदाम, थंडाई घेई, कारण पहाटेपासून शेकडो जोर-बैठका आणि मातीतली झोंबी त्याचा हिशेब चुकता करीत असे. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. आणि चाळिशीत त्याच भारदस्त देहाला मधुमेह आणि गुडघेदुखी गाठते. आता तर आखाड्यात कधीही न उतरलेले तरुण पैलवानाचा खुराक डब्यातल्या भुकटीच्या रूपाने विकत घेतात. त्या डब्यात नेमके काय आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येईल याची खात्री नाही.

वजन वाढण्याइतकाच घातक ठरतो तो ते झटपट उतरवण्याचा हव्यास. ‘महिन्यात दहा किलो’ अशी जाहिरात तालुक्याच्या गावी भिंतीवर चिकटवलेली दिसते. काट्यावरचा आकडा इतक्या वेगाने खाली येतो तेव्हा जाते काय? प्रथम पाणी, मग स्नायू, आणि चरबी सर्वांत सावकाश. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेली विनेश फोगाट हिला ५० किलो गटात अवघे शंभर ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरवण्यात आले. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही ते शंभर ग्रॅम उतरले नाहीत. तज्ज्ञ वैद्य दिमतीला असणाऱ्या कसलेल्या मल्लाच्या शरीरानेही जिथे हात टेकले, तिथे गृहिणीने आणि कारकुनाने उपाशी राहून काय साधावे? उपासमारीने उतरलेले वजन परत येते तेव्हा स्नायू परतत नाहीत, चरबी मात्र परतते. शिवाय अशा घाईत पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांत आठवड्याला अर्धा किलो ही वजन घटवण्याची सुरक्षित गती सांगितली आहे आणि दिवसाचा आहार एक हजार उष्मांकांच्या खाली नेऊ नये असे बजावले आहे. अर्धा किलो ऐकायला क्षुल्लक वाटतो. सहा महिन्यांत तो बारा किलोंच्या घरात जाऊ शकतो. प्रत्यक्षात तेवढेही होत नाही, कारण वजन घटेल तशी शरीराची गरजही घटते आणि मध्येच काटा अडून बसतो. तो अडला म्हणून सगळे सोडून देणारे पुष्कळ असतात.

हिशेब मांडून पाहावा. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. आठवड्याला अर्धा किलो उतरायचा तर रोज साडेपाचशे उष्मांकांची तूट हवी. दिवसाला पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर धरली तर पन्नास ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. पोषण संस्थेने दिवसभरासाठी सांगितलेल्या पंचवीस ग्रॅमांच्या ती दुप्पट आहे. चहा दोन कपांवर आणि साखर एका चमच्यावर आणली की दीडशेहून अधिक उष्मांक वाचले. दोन चमचे तेल कमी केले, ऐंशी-नव्वद वाचले. मूठभर फरसाण टाळले, शंभराहून अधिक वाचले. भरभर तासभर चालले की अडीचशेच्या आसपास खर्च झाले. जेवण न सोडता हिशेब जुळला. केवळ चालण्यावर विसंबणाऱ्यांनी मात्र हेही ध्यानात ठेवावे की तासभराची पायपीट एका वडापावात फिटते. आणि कोल्हापूर जिल्ह्यात हे लिहिणे धाडसाचे असले तरी सांगितले पाहिजे की, गूळ घातलेला चहा या बाबतीत साखरेच्या चहाहून फारसा निराळा नाही. दोहोंचे उष्मांक जवळपास सारखेच.

तेलाबाबत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ च्या ‘मन की बात’मध्ये दर महिन्याला दहा टक्के तेल कमी आणण्याचे आवाहन केले होते. ते पाळायला सोपे आहे, कारण तेल कढईत मोजण्यापेक्षा दुकानातून आणतानाच मोजणे बरे. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज तीस ग्रॅम होतात. पोषण संस्थेने दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी तूप-तेल मिळून २७ ग्रॅमांचे प्रमाण सांगितले आहे. आणि चार लिटरांत भागणारी घरे तरी आज किती?

ताटाची मांडणीही बदलावी लागेल. अर्धे ताट भाजी, कोशिंबीर आणि फळांचे. उरलेल्या अर्ध्यात भाकरी किंवा भात, आणि त्याच्या जोडीला उसळ, डाळ, ताक, अंडे यांपैकी जे घरात चालते ते. घरोघरी उणीव असते ती प्रथिनांची. वाटीभर पातळ आमटीने ती भरून निघत नाही. घट्ट वरण किंवा हुलग्या-मटकीची उसळ हवी, म्हणजे पोट भरते आणि स्नायू राखले जातात. सांडगे-पापड आणि लोणच्याने मीठ वाढते, ते बेताने घ्यावे. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा सुगंध कोणी सोडावा असे नव्हे; त्याचा मूदभर भात आणि शेजारी पोकळ्याची भाजी, असे जेवण काही शिक्षा नाही.

२०१८-१९ च्या सुमारास महाराष्ट्रात घराघरांत दोन पक्ष पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेऊन दिवसात दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आटोपण्याची पद्धत लोकप्रिय केली. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या अंतराने खाण्याचा आणि स्थानिक, घरगुती अन्नाचा पुरस्कार केला. समारंभातल्या पंगतीही या वादात सापडल्या. दोहोंमुळे खाण्याकडे लक्ष देण्याची सवय मराठी कुटुंबाला लागली, हा लाभ निःसंशय झाला. कोणाला दोन वेळा जमते, कोणाला चार. अखेर महत्त्व दिवसाच्या एकूण आहाराला आणि तो वर्षानुवर्षे पाळता येण्याला आहे. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्याला न विचारता जेवणाच्या वेळा तोडल्या तर रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही ऐकीव पथ्ये करू नयेत. २०२५ मध्ये वजन घटवणारी नवी इंजेक्शने भारतात आली. योग्य रुग्णाला, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्यांचा उपयोग होतो. पण ती थांबताच वजन परतू लागते, हे घेण्यापूर्वीच विचारून ठेवलेले बरे.

व्यायामाबाबत मराठी माणसाला परक्याकडे पाहण्याचे कारण नाही. समर्थ रामदासांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगावचे मारुती याच कोल्हापूर जिल्ह्यात आहेत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रचार हे आयुष्याचे व्रत मानले आणि आपल्या संस्थानातील शाळांतून ते घालवून घेतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला. भरभर चालणे, सूर्यनमस्कार आणि थोड्या जोर-बैठका यांत तो सहज बसतो. वर्षानुवर्षे न हललेल्या शरीराने मात्र पहिल्याच दिवशी शंभर नमस्कारांचा संकल्प सोडू नये. तीन नमस्कार आणि दहा मिनिटे चालणे इतक्यावर सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. छातीत दुखणे, चक्कर येणे असे काही झाल्यास थांबून आधी तपासणी करावी. गुडघे दुखणाऱ्यांनी खोल बैठका टाळून सपाट वाटेवर चालावे.

खरी अडचण आहे ती घरातल्या बाईची. सर्वांचे झाल्यावर ती जेवायला बसते, आणि वाया जाऊ नये म्हणून उरलेले सारे तिच्या पानात येते. तिचा उपवास म्हणजे शेंगदाण्याच्या कुटात आणि तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी. ‘दिवसभर काम करतेच की, तिला व्यायाम कशाला?’ असे म्हणणारा पुरुष स्वतः सकाळी फिरून आलेला असतो. आणि गावात एकटी बाई पहाटे चालायला निघाली तर चार डोळे तिच्याकडे वळतात, हे नाकारून चालणार नाही. गावोगावच्या तालमींची दारे अजूनही बहुधा पुरुषांसाठीच उघडतात. शाळेचे मैदान संध्याकाळी तासभर स्त्रियांसाठी राखणे ग्रामपंचायतीला अवघड नाही. बचत गटाच्या दहा-बारा जणी एकत्र निघाल्या तर वाटही सोपी होते. त्या तासात चूल कोणी पाहायची, हे मात्र घरातल्या पुरुषांना ठरवावे लागेल.

जाता जाता प्रवासी कार्यकर्त्यांविषयी. दिवसाकाठी पाच घरी चहा, दोन घरी जेवण आणि प्रत्येक ठिकाणी ‘आमच्याकडे काहीच घेतले नाही’ हा प्रेमळ आग्रह. अनेक निष्ठावंतांच्या पोटाचा घेर या मायेनेच वाढवला आहे. नाही म्हणणे त्यांना जमत नाही आणि न वाढणे यजमानीण बाईंना. निदान तालुक्याच्या बैठकीत भजी आणि जिलेबीऐवजी ताक आणि बेताने उकडलेली रताळी ठेवून पाहायला हरकत नाही. चंदगडच्या रताळ्यांना त्यानिमित्ताने घरचे गिऱ्हाईकही मिळेल.