चूक कोठे दडली?

हिंगणा हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. त्याच्या आसपास मोठी औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. कारखान्यातील यंत्र अडले, तर चांगला कारागीर ते भंगारात टाकीत नाही. तो कान लावून त्याचा आवाज ऐकतो, एकेक भाग सोडवून पाहतो आणि दोष नेमका कोठे आहे हे ठरवूनच हत्यार उचलतो. पण त्याच गावातील मुले संगणकासाठी आज्ञावली लिहावयास शिकू लागली, की पुष्कळदा पहिल्याच अडचणीला सारे पुसून टाकतात किंवा शेजाऱ्याची आज्ञावली उतरवून घेतात. आता तर यंत्रालाच विचारले असता तयार उत्तर मिळते. यात वेळ वाचतो खरा. परंतु शिकण्याचा उत्तम भागच हातचा जातो, असे माझे मत आहे.

एक उदाहरण पाहा. नाशिकजवळच्या देवळाली येथे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे शाळेत गणित शिकवीत असत. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येचा एक विलक्षण गुणधर्म जगापुढे मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. तिच्या अंकांपासून मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या तयार करून वजाबाकी करा आणि उत्तरावर पुनः तीच क्रिया करा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ ही संख्या येते. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२ आणि लगेच ६१७४!

आता हीच रीत संगणकाला शिकवा. एखादा कंस राहिला, तर यंत्र स्वतःच तक्रार करते. (ते दाखवील तीच ओळ अपराधी असेल असे मात्र समजू नका, पुष्कळदा चूक वरच्या ओळीत असते आणि यंत्र अडखळते खालच्या ओळीशी.) असले दोष किरकोळ होत. खरी कसोटी पुढेच आहे. ३५२४ चे उत्तर बरोबर आले, म्हणून आपण हर्षाने २१११ देतो. २१११ मधून १११२ वजा जाता ९९९ उरतात. ९९९ मधून ९९९ गेले की शून्य. मग शून्यच शून्य! यंत्र थांबत नाही आणि तक्रारही करीत नाही. कापरेकरांचाच नियम खोटा, असे म्हणण्याचा मोह येथे होतो.

अशा वेळी कागद-पेन्सिल घ्यावी आणि यंत्राने केले तेच आपण हाताने, एकेक पायरीने करावे. मग ध्यानात येते, की ९९९ ही येथे ०९९९ अशी चार अंकी लिहावयाची होती. ९९९० मधून ०९९९ वजा केले, की ८९९१ येतात. पुढे ८०८२, ८५३२ आणि शेवटी ६१७४. नियम खरा होता. डावीकडचे शून्य तेवढे आपण गमावले होते! ३३३३ दिले असताही शून्यच येते, पण तो दोष निराळा आहे. ती संख्या नियमानेच वगळलेली आहे. तेव्हा तिला दारातच अडवावे लागते.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क दोन’ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटवून त्याखाली टीप लिहिली. आपल्या शाळांतूनही अशी वही असावी. कोणती संख्या दिली, काय अपेक्षिले, काय आले आणि दोष कोठे सापडला, हे तीत लिहावे. आणि शिक्षकांनी गुण देताना शेवटच्या उत्तराइतकेच या वहीलाही महत्त्व द्यावे. नुसत्या बिनचूक आज्ञावलीवरून ती कोणाची, हे कसे कळणार?

तीन अंकी संख्यांना हीच रीत लावली असता ४९५ येतात. २११ पासून आरंभ करून पाहा. पहिल्याच वजाबाकीत तुमची गाठ ९९ शी पडेल.