फेरतपासणीचा निकाल कोणाचा?

14 नोव्हेंबर हा आयर्लंडच्या व्हिकी फेलन यांचा स्मृतिदिन. 2022 मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या गेल्या, तेव्हा वय होते 48. 2011 साली सरकारी तपासणी कार्यक्रमात त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींची स्मिअर चाचणी झाली आणि ‘दोष नाही’ असा अहवाल आला. 2014 मध्ये कर्करोगाचे निदान झाले. मग त्या चाचणीची जुनी काचपट्टी पुन्हा तपासली गेली, तेव्हा पहिला अहवाल चुकीचा असल्याचे दिसले. फेलन यांना हे कळले 2017 च्या सप्टेंबरात. आजार ज्यांचा, त्यांनाच तेवढे तीन वर्षे कोणी काही बोलले नाही.

स्मिअर चाचणीत चूक होते, हे मान्यच केले पाहिजे. आयर्लंडची आरोग्यसेवा सांगते की हजार स्त्रियांमागे सुमारे वीस जणींच्या पेशींत बदल असतात. त्यांतल्या पंधरा या चाचणीत सापडतात, पाच निसटतात. शिवाय पुढे कर्करोग झाला हे ठाऊक असलेल्या तज्ज्ञाला जुन्या काचपट्टीवर अधिक दिसते. त्यामुळे सुटलेले प्रत्येक निदान हलगर्जीपणाचे ठरवणे अन्यायाचे होईल. पण ते सुटल्याचे कळल्यावर गप्प राहायचे, हे माणसांनी ठरवलेले असते. तपासणी कार्यक्रमाच्या 2016 च्या एका अंतर्गत टिपणात रुग्णांविषयीची पत्रे थांबवून वकिलांचा सल्ला येऊ द्यावा, असे म्हटले होते. रुग्ण दगावली असेल तर निष्कर्षाची नुसती नोंद तिच्या केसपेपरवर करावी, अशी सूचना डॉक्टरांना गेली होती. ती वाचून आजही संताप येतो. मागे राहिलेला नवरा, मुले यांना काही कळण्याचा हक्क आहे, हे कोणाच्या मनातही आले नाही!

एप्रिल 2018 मध्ये फेलन यांची काचपट्टी तपासणाऱ्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने 25 लाख युरो देऊन त्यांच्याशी न्यायालयात तडजोड केली. गुप्ततेच्या अटीवर सही करायला मात्र त्यांनी ठाम नकार दिला. आपल्यासारख्या आणखी किती जणी अंधारात असतील, हा त्यांचा प्रश्न होता. तोंड बंद ठेवले नाही म्हणूनच अशा 221 स्त्रियांचा विषय चव्हाट्यावर आला. त्यांतल्या बहुतेकींना फेरतपासणीबद्दल काहीच सांगितलेले नव्हते. ज्यांचे वडील मूळचे आपल्या मुंबईचे, त्या पंतप्रधान लिओ वराडकर यांनी 2019 मध्ये संसदेत सरकारतर्फे माफी मागितली. 2023 च्या कायद्याने रुग्णाला जुन्या तपासणीचा फेरआढावा मागण्याचा हक्क मिळाला आणि निष्कर्ष सांगणे बंधनकारक झाले.

हे सांगायला कायदा लागावा, हेच दुःखद आहे. निष्कर्ष रुग्णाचा आहे. तिच्या डॉक्टरांनी तिला समोर बसवून, समजेल अशा भाषेत तो सांगावा. ती हयात नसेल तर घरच्यांना सांगावा. आणि वाचक भगिनींनो, पाच निसटतात म्हणून चाचणी टाळू नका. स्वतः फेलन यांनीही बायकांना तपासणी चुकवू नका, असेच सांगितले होते.