पट्टा तुटल्यानंतरची दहा मिनिटे

पिठाच्या गिरणीचा पट्टा निसटला की जाते थांबते. गिरणीवाला वीज बंद करतो, पट्टा पुन्हा चढवतो आणि दळण पुढे सुरू होते. नुकसान झालेच तर अर्ध्या तासाच्या खोळंब्याचे. यंत्राचा पट्टा ही किरकोळ वस्तू आहे, तुटला तर नवा घालावा आणि कामाला लागावे, ही समजूत अशा अनुभवांतून पिढ्यान्‌पिढ्या रुजली आहे. दुकानाच्या मालवाहू व्हॅनच्या बाबतीत मात्र हीच समजूत फार महाग पडू शकते. तेथे काही शे रुपयांच्या पट्ट्यामागे संपूर्ण इंजिन खर्ची पडल्याची उदाहरणे कोणत्याही जुन्या गॅरेजमध्ये ऐकायला मिळतात. त्यांत बहुतेक वेळा नुकसान पट्टा तुटण्याच्या क्षणी होत नाही. ते त्यानंतरच्या दहा मिनिटांत होते.

दोन पट्टे, दोन जबाबदाऱ्या

व्हॅनच्या इंजिनात पट्टा म्हणून दोन वेगळ्या वस्तू असू शकतात. एक बाहेरचा पट्टा. जुनी माणसे आजही त्याला फॅन बेल्ट म्हणतात. तो क्रँकच्या पुलीवरून शक्ती घेऊन बॅटरी भारित करणारा अल्टरनेटर फिरवतो. गाडीत असल्यास पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो. आणि अनेक इंजिनांत थंडाव्याचे पाणी खेळवणारा वॉटर पंपही त्याच्यावरच अवलंबून असतो. कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकला हलकेपणा देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला जोडलेला असतो. म्हणजे एक पट्टा तुटला तर वीज, पाणी, स्टिअरिंग आणि ब्रेकचा हलकेपणा या चारही गोष्टींवर गदा येऊ शकते.

दुसरा पट्टा आतला, झाकणाखालचा, दातेरी. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. जर्मनीतील ग्लास कंपनीने 1962 च्या सुमारास आपल्या लहान मोटारीत असा रबरी दातेरी पट्टा प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आणला. त्यापूर्वी हे काम साखळी किंवा गिअर करीत आणि आजही अनेक इंजिनांत तेच करतात. काम असे की, क्रँकचे दोन फेरे पूर्ण होताना कॅमशाफ्टचा नेमका एक फेरा झाला पाहिजे. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो व मिटतो आणि पिस्टन त्याच पोकळीत वर-खाली धावत असतो. एकाच गल्ल्यावर दोन भावांनी वेळ वाटून बसावे, तसा हा व्यवहार आहे. वेळ चुकली की दोघे एकाच जागी येतात. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतो.

काही पेट्रोल इंजिनांत या दोघांमध्ये पुरेशी जागा राखलेली असते. तेथे पट्टा तुटला तरी टक्कर होत नाही. डिझेल इंजिन मात्र हवा साधारण सोळा ते बावीस पट दाबते. त्यामुळे पिस्टन वर आल्यावर उरणारी पोकळी अगदी अरुंद असते. डिझेल व्हॅनचा टायमिंग बेल्ट चालत्या गाडीत तुटला, तर टक्कर झाली असे गृहीत धरूनच पुढची पावले टाकावीत.

बाहेरचा पट्टा आत कसा शिरतो

बाहेरचा पट्टा तुटल्याने आतील इंजिन बिघडते ते दोन मार्गांनी. पहिला मार्ग उष्णतेचा. वॉटर पंप थांबला की पाणी खेळत नाही. बहुतेक आधुनिक इंजिनांचे हेड ॲल्युमिनियमचे आणि कित्येकांचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असतो. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड बाक धरते, मधले गॅस्केट जळते आणि पाणी व ऑइल एकमेकांत मिसळू लागते.

दुसरा मार्ग कमी परिचित आणि अधिक घातक आहे. पट्टा एकदम तुटत नाही, आधी उसवतो. त्याच्या कडेचे दोरे सुटून क्रँकच्या पुलीमागे गुंडाळले जातात आणि काही इंजिनांत झाकणाच्या फटीतून थेट टायमिंग बेल्टखाली ओढले जातात. आतला पट्टा दोन-चार दाते सरकतो किंवा उडतो. वरून पाहणाऱ्याला फक्त बाहेरचा पट्टा तुटलेला दिसतो. खरे नुकसान झाकणाआड असते.

रस्त्यावरचा निर्णय

एक प्रसंग कल्पून पाहावा. मे महिन्याची दुपार. जयसिंगपूरहून सांगलीकडे निघालेली किराणा मालाची डिझेल व्हॅन. अंकलीच्या पुलाअलीकडे बॅटरीचा लाल दिवा लागतो, स्टिअरिंग जड होते. चालकाला कळते की पट्टा गेला. सांगली जेमतेम काही किलोमीटरवर आहे, माल चारच्या आत पोहोचवायचा आहे आणि सकाळीच उशिराबद्दल पेढीवर बोलणी खाल्लेली आहेत. तो विचार करतो, एवढ्यात पोहोचू. तापमानाचा काटा चढतो आणि मग खाली येतो, तेव्हा त्याला हायसे वाटते.

तो उतरता काटा सुचिन्ह असतोच असे नाही. उष्णता मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. पाणी उकळून निघून गेले तर तो वाफेत उघडा पडतो आणि काटा खोटा दिलासा देऊ शकतो. पुलापलीकडे इंजिन बंद पडते. चालक तीन-चार वेळा सेल्फ मारतो. टायमिंग सरकलेले असेल, तर या प्रत्येक प्रयत्नात पिस्टन व्हॉल्व्हला नव्याने ठोकरतो. एक-दोन वाकलेल्या व्हॉल्व्हची दुरुस्ती अशाने आठ व्हॉल्व्हची होऊ शकते.

योग्य वर्तन सोपे आहे. बॅटरीचा दिवा लागला आणि त्याच वेळी स्टिअरिंग जड झाले किंवा बॉनेटखालून फटफट आवाज आला, तर गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. ब्रेक नेहमीपेक्षा अधिक जोराने दाबावा लागेल, हे ध्यानात ठेवावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी चेहऱ्यावर येते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जाऊ शकतो. पुन्हा सेल्फ मारू नये. गाडी ओढून न्यावी आणि ओढतानाही गिअरमध्ये ठेवू नये.

आधी पुरावा, मग पाना

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, नवा पट्टा टाकून चालू करून पाहू. दुसरा म्हणतो, इंजिन गेले, नवेच बसवा. दोन्ही सल्ले तपासणीआधीचे आहेत. तारण न पाहता कर्ज मंजूर करण्यासारखाच हा प्रकार आहे. इंजिनाची तपासणी पायरीपायरीने होते आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडी अधिक खर्चाची असते.

प्रथम डोळ्यांनी. पट्ट्याचे सर्व तुकडे गोळा करून मोजावेत. एखादा तुकडा कमी असेल तर तो कोठे गेला हे शोधलेच पाहिजे. क्रँकची पुली आणि टायमिंगचे झाकण काढून आत दोरे आहेत का, खुणा जुळतात का, हे पाहावे. ऑइलची पट्टी बाहेर काढावी. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे.

मग हाताने. खुणा सरकलेल्या असतील तर त्या कंपनीच्या पद्धतीने जुळवून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठे कठीण लागले तर जोर करू नये. तेथेच धातूला धातू भिडत आहे.

त्यानंतर मोजमाप. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्यावेत आणि कंपनीच्या पुस्तकाशी ताडून पाहावेत. एका सिलिंडरचा आकडा पडलेला असेल, तर त्यात बाहेरून दाबाची हवा सोडून ती कोठून निसटते ते ऐकावे. हवा घेण्याच्या नळीतून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. इंजेक्टरच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्व्हच्या चंद्रकोरीसारख्या खुणा उमटल्या आहेत का, हेही पाहता येते. हेड उतरवण्यापूर्वी एवढे झाले, की अंदाजपत्रकाला आधार मिळतो.

हेड उतरल्यानंतर

पुढचे काम मशीन शॉपचे. वाकलेले व्हॉल्व्ह बदलतात. ते सरळ करून पुन्हा वापरण्याचा मोह टाळावा, कारण मान तुटून व्हॉल्व्हचे डोके सिलिंडरमध्ये पडले तर पिस्टनही जातो. व्हॉल्व्हचे गाइड आणि बैठका तपासून घासून घ्याव्यात. हेडच्या तळावर सरळ पट्टी ठेवून बाक मोजावा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा बाकही पुष्कळ असतो. काही कंपन्या डिझेल हेड घासून सपाट करण्यास मुळीच परवानगी देत नाहीत; तेथे हेड बदलणे हाच मार्ग. रॉकर आणि कॅमशाफ्टच्या पकडी तुटल्या आहेत का, हे पाहावे. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो तेही मोजावे. एखादा पिस्टन इतरांपेक्षा कमी वर येत असेल, तर त्याचा कनेक्टिंग रॉड वाकल्याची शंका घ्यावी. अनेक डिझेल इंजिनांत गॅस्केटची जाडीही याच मापावरून ठरते.

जोडणी करताना टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलर नवे घालावेत, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर असल्यास तोही. जेथे कंपनीने हेडचे बोल्ट एकदाच वापरण्याचे म्हटले आहे, तेथे ते नवेच हवेत. चालू करण्यापूर्वी पुन्हा हाताने दोन फेरे फिरवून खुणा तपासाव्यात.

व्यापाऱ्याने अंदाजपत्रक तीन भागांत लेखी मागावे: सुटे भाग, मशीन शॉप आणि मजुरी. काढलेले जुने भाग परत घ्यावेत. दुरुस्तीचा खर्च व्हॅनच्या आजच्या बाजारभावाशी आणि गाडी बंद असलेल्या दिवसांच्या भाड्याशी ताडून पाहावा. मूळ खरेदी किमतीशी नव्हे. वापरलेले इंजिन बसवण्याचा पर्याय आला, तर त्याच्या मालकीची कागदपत्रे पाहावीत आणि नोंदणी पुस्तकातील इंजिन क्रमांक परिवहन कार्यालयातून बदलून घ्यावा; नाहीतर पुढे विमा आणि विक्री दोन्ही अडतात. सर्वसाधारण मोटार विम्यात यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते, म्हणून हा खर्च पेढीलाच सोसावा लागतो असे धरून चालावे.

मूळ कारण

नवा पट्टा घालण्यापूर्वी जुना का गेला हे कळले नसेल, तर दुरुस्ती अपुरी आहे. अल्टरनेटरचे जाम होऊ लागलेले बेअरिंग, सैल पडलेला टेन्शनर, तिरकी बसलेली पुली, क्रँक पुलीतील सुटलेले रबर किंवा पट्ट्यावर गळणारे ऑइल यांपैकी काहीतरी सापडते. पट्टे काढून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. खरखर लागली तर ते बेअरिंग बदलावे. आजचे बरेच बाहेरचे पट्टे ईपीडीएम रबराचे असतात. ते जुन्या पट्ट्यांप्रमाणे तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. भेगा दिसत नाहीत म्हणून पट्टा चांगला, हा जुना ठोकताळा आता पुरत नाही. टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षे या दोहोंत दिलेली असते. जी आधी भरेल ती पाळायची. गाडी कमी फिरते हे पट्टा न बदलण्याचे कारण होत नाही.

हे सर्व तांत्रिक ज्ञान मिस्त्रीकडे असते. मालकाच्या हाती मात्र याहून मोठी गोष्ट आहे. त्या दुपारी पुलाअलीकडे गाडी थांबवायची की नाही, हे व्हॅनमधल्या काट्याने ठरवले नाही. सकाळच्या बोलण्याने ठरवले. ज्या चालकाला उशिराबद्दल रागावले जाईल याची खात्री आहे, तो लाल दिव्याकडे पाहूनही गाडी हाकतच राहील. म्हणून प्रत्येक पेढीने आपल्या चालकाला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे की लाल दिवा लागला तर थांब, आधी फोन कर, मालाचे पेढी पाहून घेईल. आणि तो खरोखरच थांबेल त्या दिवशी त्याला एक शब्दही लागेल असा बोलू नये. ग्राहकाला दोन तास उशीर झाला तर क्षमा मागता येते. वितळलेले गॅस्केट आणि वाकलेले व्हॉल्व्ह क्षमेने सरळ होत नाहीत.