सामना चालू आहे, शाल नंतर

भातकापणी उरकून शेतं मोकळी झाली की आमच्या पनवेल-उरण पट्ट्यात रात्रीचे कबड्डीचे सामने सुरू होतात आणि माझं जेवण लवकर होऊ लागतं, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. या आठवड्यातल्या सामन्यात शेवटची चार मिनिटं उरली होती. दोन गुणांचा फरक होता. चढाईचा गडी मध्यरेषेवर येऊन उभा राहिला आणि तेवढ्यात माइकवरून आवाज आला, ‘पंचांना विनंती आहे, सामना दोन मिनिटं थांबवावा. मान्यवरांचं आगमन झालेलं आहे.’

पंचांनी शिट्टी वाजवली. मान्यवर आले, त्यांच्यासोबतची मंडळी आली. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो, मग भाषण. दव पडायला सुरुवात झाली होती. चढाईला निघालेला तो पोरगा आधी जागच्या जागी उड्या मारत राहिला, मग खाली बसून पोटऱ्या चोळू लागला. अंगावरचा घाम वाळला. सामना पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याच्या पायात मघाचा जोर नव्हता. त्याच चढाईत तो पकडला गेला आणि सामना फिरला. वर्षभर पहाटे उठून मेहनत करणाऱ्या पोराच्या तोंडचा घास असा काढून घेतला जातो आणि त्यावर टाळ्या वाजतात. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

राग जास्त येतो तो आपण कुठला खेळ थांबवतोय हे बघून. अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं २०१० साली तिथल्या फुटबॉलचे सामने घड्याळ लावून तपासले. तीन तासांच्या प्रक्षेपणात प्रत्यक्ष खेळ निघाला सुमारे ११ मिनिटं. याच पद्धतीनं नंतर बेसबॉल मोजला, तिथे १८ मिनिटं. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात ९० मिनिटांपैकी साधारण ५५ ते ६० मिनिटं चेंडू खेळात असतो. क्रिकेटचा हिशेब कुणालाही करता येईल: वीस-वीस षटकांचे २४० चेंडू, गोलंदाजाच्या धावण्यापासून चेंडू अडवेपर्यंत आठ सेकंद धरली तर ३२ मिनिटं, आणि सामना चालतो साडेतीन तास. खो-खोचा नऊ मिनिटांचा डाव जवळजवळ सगळाच पळण्याचा. आणि कबड्डी? वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, तीस सेकंदांची चढाई, एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसऱ्या संघाचा गडी निघायलाच हवा. दिलेल्या वेळेतला एवढा वाटा खेळासाठी वापरणारे खेळ जगात फार नाहीत, आणि त्यातले दोन आपल्या मातीतले आहेत.

तरीही केवळ घड्याळावर खेळ जोखणं मला पटत नाही. गेल्या वर्षी, २ नोव्हेंबर २०२५ ला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. पावसानं तो दोन तास उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीपर्यंत चालला. त्यातली मला लख्ख आठवणारी वेळ मोजली तर काही सेकंदांचीच भरेल. शतक झालेली लॉरा वोल्वार्ड खेळत होती आणि ती आहे तोवर दक्षिण आफ्रिकेची आशा जिवंत होती. दीप्ती शर्माच्या चेंडूवर तिनं उंच फटका मारला, अमनजोत कौर चेंडूखाली धावत आली, चेंडू हातात बसला, उडाला, पुन्हा उडाला आणि अखेर तिच्या मुठीत आला. त्या झेलात एवढा जीव का होता? कारण त्याआधीची चाळीस षटकं आपण वाट पाहत बसलो होतो. गोलंदाज मागे वळून चालत जातो तेव्हा क्षेत्ररक्षण बदलतं, फलंदाज मनात हिशेब करतो आणि बघणाराही करतो. ती वाट पाहणं खेळाचाच भाग आहे.

कुस्तीतही तेच. दोन पैलवान मनगटाला मनगट भिडवून खडाखडी करतात, बघणाऱ्या नवख्याला वाटतं काहीच चाललेलं नाही. जाणकार मात्र कुणाचा पाय आधी मागे सरकला ते बघत असतो. बैलगाडा शर्यतीचं तर विचारूच नका. घाटातली बारी काही सेकंदांत संपते. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं ती कायम केली. या सगळ्या काळात त्या काही सेकंदांसाठी माणसं झगडत राहिली. म्हणून मी थांबण्याचे दोन भाग करतो. एक थांबणं खेळातून येतं, त्यातून पुढचा क्षण तयार होतो. दुसरं बाहेरून लादलं जातं. क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२४ मध्ये मर्यादित षटकांच्या सामन्यांत दोन षटकांमध्ये साठ सेकंदांचं घड्याळ पक्कं केलं, कारण तिथेही रेंगाळणं वाढलं होतं. आम्ही मात्र ज्या खेळात रेंगाळायला जागाच नाही, तिथे हातानं जागा करून देतो.

माझे मामा एकेकाळी कबड्डीत बचावाचा डावा कोपरा खेळायचे. मातीवर, फक्कीनं आखलेल्या रेषांमध्ये, अनवाणी. त्यांच्या शेजारी बसून सामना पाहिला की रिकाम्या चढाया रिकाम्या वाटत नाहीत. गडी गेला, इकडून तिकडे फिरला आणि कुणाला न शिवता परत आला. मागे बसलेली पोरं ओरडतात, ‘नुसता फिरून आला!’ मामा म्हणतात, ‘पाय बघ, हात नको बघू.’ मग दिसतं की त्यानं डाव्या कोपऱ्याला दोनदा हूल दिली आणि तो गडी दोन्ही वेळा टाचेवर गेला. ती माहिती घेऊन तो परतलेला असतो. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद. त्या तिसऱ्या चढाईत तो थेट त्याच कोपऱ्यावर जातो.

कोपऱ्याचीही बाजू आहे. बोनसचा गुण घ्यायचा तर चढाईच्या गड्याला एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवावा लागतो आणि त्या वेळी दुसरा हवेत असावा लागतो. म्हणजे क्षणभर तो एका पायावर असतो. डावा कोपरा त्याच क्षणाची वाट बघत वाकून उभा असतो. मामा सांगतात, घोट्यावर आधी झेपावलात तर तो पाय काढतो, उशिरा झेपावलात तर बोनस गेला आणि गडीही गेला. त्याचा खांदा खाली आला की जायचं. पकड घट्ट बसली की मध्यरक्षक वरून पडतात आणि लोकांना तो ढीगच दिसतो. पकड मात्र खाली, त्या दोन हातांच्या पंजांत झालेली असते. मामांच्या उजव्या हाताची करंगळी अशाच एका पकडीत मोडली, ती आजही सरळ होत नाही.

आणि नेमकी ही कोपऱ्याची पकडच टीव्हीवर नीट दिसत नाही. २०१४ पासून प्रो कबड्डीनं हा खेळ घराघरात नेला, मॅटवरच्या पोरांना चार पैसे मिळू लागले, त्याबद्दल मला आदर आहे. पण कॅमेरा सतत चढाईच्या गड्याच्या चेहऱ्यावर असतो. कोपरा कधी वाकला, कधी निघाला ते चौकटीबाहेर राहतं. मग चूक भरून काढायला तीच पकड संथ गतीनं पुन्हा दाखवतात, आणि तेवढ्यात ते पाच सेकंद संपून दुसऱ्या बाजूचा गडी निघालेला असतो. आपण चित्रावर परत येतो तेव्हा तो बोनस घेऊन परतत असतो आणि तो बोनस कसा घेतला ते कळत नाही. पनवेलच्या शेतात बाकावर बसलेल्या माणसाला तो दिसतो. दिवाणखान्यात मोठा पडदा लावलेल्याला दिसत नाही. एक कॅमेरा डाव्या कोपऱ्याच्या पायांवर कायमचा लावा. आणि जुनी पकड पुन्हा दाखवायचीच असेल तर दोन डावांच्या मध्ये पाच मिनिटं मोकळी असतात, तेव्हा दाखवा. शालीही तेव्हाच द्या.